महिनाअखेरची सही

सोमवार, १६ जून २०२५
सदाशिव पेठ

ओव्हाळ सर,

आपल्या शाळेतल्या चौथीच्या वर्गाच्या भिंतीवरून पुणे शहर नाहीसं झालं आहे, ही अत्यंत गंभीर बाब मी आपल्या निदर्शनास आणू इच्छिते. महाराष्ट्राचा तो कापडी नकाशा आठवत असेल तुम्हाला. गेली चाळीस वर्षं चौथीतल्या प्रत्येक मुलाला विचारलं गेलं, "आपण कुठे राहतो?" आणि प्रत्येकाने उठून तिथेच बोट टेकवलं. गडचिरोली अजून कोरी करकरीत आहे, नंदुरबारला कुणी हातही लावलेला नाही. पुण्याच्या जागी मात्र भोक पडलं आहे आणि त्यातून भिंतीचा चुना दिसतो.

नव्या नकाशासाठी मी संस्थेकडे अकरा अर्ज केले. अकराव्याला उत्तर आलं : 'नकाशा वापरण्यायोग्य असून किरकोळ दुरुस्ती शाळा पातळीवर करून घ्यावी.' तेव्हा आपले क्लार्क रावसाहेब यांनी शाळा पातळीवर भोकावर चिकटपट्टी लावली आणि बॉलपेनने वर 'पुणे' लिहिलं. पट्टी रुंद निघाली. त्यामुळे पुण्यात आता निम्मा सातारा आणि थोडं नगर आलं आहे. एकाही पालकाची तक्रार नाही. पुणेकरांना हा आकार बरोबरच वाटत असावा.

हे सगळं तुम्हाला कळवायचं कारण म्हणजे तुमची जागा दोन वर्षांत भरली गेलेली नाही. चौथीचा परिसर अभ्यास मीच घेते. कोकण, घाट, पठार. कृष्णा, भीमा, गोदावरी, तापी. मग आदिमानव, मग शेती, मग किल्ले. मुख्याध्यापिकेने छडी घेऊन नकाशापुढे उभं राहणं शोभत नाही, पण शोभण्यासाठी वेगळी तरतूद नाही.

दुसरं कारण तुम्हाला माहीतच आहे. शनिवारी तुमच्या वकिलांची नोटीस आली. बडतर्फीविरुद्धचं तुमचं अपील सप्टेंबरात उभं राहतंय आणि सोळा तारखेला मला साक्षीला बोलावलं आहे, क्षेत्रभेटींच्या वह्या घेऊन. काय विचारणार ते मला पाठ आहे. ४ ऑगस्ट २०२३ रोजी चौथीचे सव्वीस विद्यार्थी नदीपात्रात नेण्याची परवानगी मुख्याध्यापिकेने दिली होती का?

चौकशी समितीपुढे मी याचं उत्तर एका शब्दात दिलं होतं. नाही. त्या एका शब्दावर तुमची नोकरी गेली. मिसबा बागवान, हजेरी क्रमांक सतरा, वय वर्षं नऊ, ती त्याआधीच गेली होती, पाण्यात.

तुम्ही धायरीला राहायला गेलात आणि कुठल्याशा कुरियरच्या गोदामात पार्सलं मोजता असं ऐकते. चौकशी अहवालात तुमच्या मोजणीवर ताशेरे आहेत. कुरियरवाल्यांनी अहवाल वाचला नसावा.

नकाशाबाबत काही सुचलं तर कळवा.

वैजयंती आगाशे
मुख्याध्यापिका


बुधवार, ९ जुलै २०२५

ओव्हाळ सर,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. टपाल खात्याला दोष देण्याची संधी तेवढी हुकली, कारण पोचपावती आली आहे आणि तिच्यावर तुमची सही आहे. ठसठशीत, वेळच्या वेळी केलेली.

काल 'माणूस नदीकाठी का राहू लागला?' हा धडा घेतला. पुस्तकात तीन मुद्दे आहेत : पिण्यासाठी पाणी, शेतीसाठी सुपीक गाळ, खाण्यासाठी मासे. मी फळ्यावर लिहिले, मुलांनी उतरवून घेतले. यंदा निकिता नावाची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, दोन वेण्या, डोक्यात कायम प्रश्न.

"बाई, मग पूर आल्यावर?"

"ते पुढच्या धड्यात आहे."

"नाहीये बाई. मी बघितलंय. पुढे किल्ले आहेत."

"खाली बस."

"बाई, आपण नदी बघायला जाणार का?"

सगळी डोकी वह्यांतून वर आली. ही मुलं तेव्हा दुसरीत होती. त्यांना सगळं माहीत आहे. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. शाळेत अभ्यास सोडून बाकी सगळं आपोआप पोचतं. मी निकिताला नकाशावरची भीमा दाखवली. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही पट्टीखाली जाते."

आता जरा वह्यांबद्दल. तुमचे वकील त्यावरून बराच वेळ घालवणार, म्हणून आधीच सांगते. क्षेत्रभेटीच्या वहीत पाच रकाने : तारीख, इयत्ता, ठिकाण, विद्यार्थिसंख्या, मुख्याध्यापकांची सही. माझी पद्धत सगळ्या शाळेला माहीत होती. परवानगी तोंडी, सही महिनाअखेरी, सगळ्या एकदम, एकाच बैठकीत. पोस्ट ऑफिस, दही बनवण्याचा कारखाना, शनिवारवाडा, सगळीकडे मुलं जाऊन सुखरूप परत आली की मी परवानगी देत असे. त्यामुळे बावीस वर्षांत माझ्या परवानगीने झालेला एकही उपक्रम फसलेला नाही. असा निकाल कोणत्या मुख्याध्यापकाचा असेल?

तुम्ही एकदा बोलला होतात. जून २०२३, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. "बाई, सही आधी झाली तर बरं होईल." मी म्हटलं, "ओव्हाळ, सही म्हणजे काय अक्षता आहेत, आधी वाटून ठेवायला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. सगळ्यांच्या जरा नंतर.

ते नंतरचं हसणं मला तेव्हा दिसलं होतं, एवढंच कळवायचं होतं.

वैजयंती आगाशे
मुख्याध्यापिका


सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

ओव्हाळ सर,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतात हेच मला नवल वाटलं. मजकूर इथे उतरवून ठेवते, कारण रावसाहेबांनी ते माझ्या आधी वाचलं आहे आणि आता ते कदाचित गहाळ होईल.

'बाई, दोन्ही पत्रं पोचली. नकाशाचं वाचून हसलो. एकच विचारायचं आहे. त्या सकाळी मी दारात आलो तेव्हा तुमच्या टेबलावर पेपर उघडा होता. वाचला होतात का?'

पेपर मी रोजच वाचते.

आज दोन वर्षं झाली. प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता पाळायची असं मी ठरवलं होतं. पण संस्थेचे कार्यवाह केयूर साहेब सकाळीच हजर झाले, तेव्हा शांतता रद्द. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. संस्थापकांचे पणतू, वय तिशीच्या आत, पायात पांढरे बूट. खुर्चीवर बसत नाहीत, टेकतात.

"मॅडम, सोळा तारखेचं टेन्शन घेऊ नका. बेसिकली तुम्ही फक्त कन्सिस्टंट राहायचं. जे समितीला सांगितलं तेच."

"तेच सांगायचं तर मला कशाला नेता? अहवालाची झेरॉक्स पाठवा."

"हॅ हॅ. मॅडम, तुमचं ते एक." मग ते कपाटाकडे बघत म्हणाले, "ही जुनी रजिस्टर्स अजून ठेवलीयत? पावसात ओल येते ना इथे. आय मीन, खराब होऊन जात असतील."

"बावीस वर्षांत नाही झाली."

"या वर्षी होतील," ते म्हणाले. मग अगदी आपुलकीने, "तुमची चारच वर्षं राहिलीत ना? पेन्शनचे पेपर आपल्याच ऑफिसातून जातात. मी स्वतः बघेन."

ते गेल्यावर अर्ध्या तासात रावसाहेब आले. "बाई, रद्दीवाला आलाय. कार्यवाह म्हणाले, बाईंना विचारून कपाट रिकामं करा." आणि उभे राहिले. माझ्याकडे न बघता, पंख्याकडे बघत. रावसाहेबांचा मुलगा संस्थेच्या कॉलेजात हंगामी नोकरीला आहे.

मी वर्तमानपत्रं दिली. अकरा किलो. वह्या पिशवीत घालून घरी आणल्या. कशासाठी, ते मला विचारू नका. मी स्वतःलाही अजून विचारलेलं नाही.

घरी येताना लांबच्या रस्त्याने आले. गेली दोन वर्षं लांबच्याच रस्त्याने येते. शाळेमागच्या बोळात मिसबाच्या आईचं, सुरय्याबाईंचं पिको-फॉलचं दुकान आहे. बोळाने गेलं तर चार मिनिटं वाचतात. डॉक्टर म्हणतात, चालणं चांगलं.

वैजयंती आगाशे
मुख्याध्यापिका


गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

ओव्हाळ सर,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो.

एवढं लिहून पत्र बंद करायचं ठरवलं होतं. पाकिटाला डिंक लावला, मग उघडलं. पाकीट फाटलं आहे, त्याबद्दल क्षमस्व. बाकीच्याबद्दल क्षमा मागण्याची माझी अजून तयारी नाही. आधी सांगते तरी.

त्या सकाळी माझं पेन चालेना. मिसबा हजेरीपट द्यायला आली होती. वर्गाची मॉनिटर होती ती. कानावर सुतारासारखी निळी पेन्सिल खोचलेली. मी म्हटलं, "दे गं ती जरा." ती म्हणाली, "बाई, माझ्या नद्या भरायच्या राहिल्यात."

"मधल्या सुट्टीत घेऊन जा."

"नक्की द्या हं," असं म्हणून तिने दिली. मुख्याध्यापिकेला 'नक्की द्या' म्हणणारी मुलं फार नसतात. मला गंमत वाटली.

ती पेन्सिल मी शब्दकोड्यासाठी घेतली होती. सकाळी सात चाळीस, पगारी वेळ. आडवे सात शब्द झाले होते, आठव्याला अडले होते. कोड्याच्या उजवीकडे चार ओळींची चौकट होती. 'आज पहाटेपासून धरणातून पाणी सोडण्यात येत असल्याने नागरिकांनी नदीपात्रात उतरू नये.' मी ती पाहिलीच नाही असं म्हणता आलं असतं. पण आठव्या शब्दाची अक्षरं मी त्याच चौकटीवर जुळवून बघितली आहेत. निळ्या रंगात, 'नदीपात्रात'च्या अगदी वरून. ते पान माझ्याकडे आहे. रद्दीत गेलेल्या अकरा किलोंत ते नव्हतं. त्या चार ऑगस्टपासून ते माझ्या घरी शिवणाच्या डब्याखाली आहे आणि शेजारी ती पेन्सिल.

तेवढ्यात तुम्ही दारात आलात. "बाई, चौथीला घाटाच्या पायऱ्यांवर नेतो. नदीकाठच्या वस्तीचा धडा आहे. अर्ध्या तासात परत."

मी मान वर केली नाही. "जा. वही महिनाअखेरी आणा."

तुम्ही क्षणभर थांबलात. मला वाटलं, सहीसाठी थांबलात, म्हणून मुद्दाम वर बघितलं नाही. तुम्ही थांबला होतात तेवढ्या वेळात ती चार ओळींची चौकट दोनदा वाचून झाली असती.

मला ती आठवली सव्वाआठला. मी उठले. उठून काय केलं? रावसाहेबांना म्हटलं, "ओव्हाळ आले का बघा." नदी शाळेपासून सहा मिनिटांवर आहे. ती सहा मिनिटं मी चालले नाही. चहा आला होता.

पुढचं तुम्हाला जास्त माहीत आहे. पाणी कसं चढलं, पंचवीस मुलं वर कशी ओढलीत, तुम्ही स्वतः दोनदा कसे आत गेलात. समितीने वही मागितली तेव्हा ऑगस्टचं पान कोरं होतं. ते कोरं पान आधीपासूनच माझ्या बाजूने बोलत होतं. मी फक्त त्याच्याशी सहमत झाले. आणि मग तुम्ही मुलांना मूठभर गाळ आणायला सांगितलं होतं, मिसबा त्यासाठीच पुन्हा खाली उतरली, हे मी समितीला आवर्जून सांगितलं. ते खरं होतं. खोटं बोलताना एखादं खरं हाताशी असलेलं बरं पडतं. लोकांचं लक्ष तिकडे जातं.

समितीतले तिघेही मला वीस वर्षं ओळखतात. तिघांपैकी दोघांच्या मुलींच्या लग्नाला मी होते. तुम्हाला ते फक्त 'ते ओव्हाळ' म्हणून ओळखत होते. म्हणजे किती ओळखत होते, ते तुम्हाला मी समजावून सांगायला नको. मला तेव्हाही समजत होतं. मी त्याच्यावरच भिस्त ठेवली होती.

सोळा तारखेला काय बोलणार ते मला अजून माहीत नाही. हे वाचून तुम्ही हे पत्र वकिलांना दिलंत तर माझी ना नाही. मला निवड करावी लागणार नाही. तसं झालं तर बरं, असं मला वाटतंय. म्हणजे आजही मी सही दुसऱ्या कुणावर ढकलतेच आहे.

वैजयंती आगाशे


गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

ओव्हाळ सर,

ते पत्र तुम्ही वकिलांना दिलं नव्हतंत. त्यांनी प्रश्न विचारला तेव्हाच ते कळलं. त्यांचा चेहरा 'नाही' ऐकायच्या तयारीत होता. मागच्या रांगेत तुम्ही बसला होतात, गोदामाचं ओळखपत्र गळ्यात तसंच. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

मी "दिली होती" म्हटलं. न्यायाधीशांनी विचारलं, "लेखी?"

"तोंडी. लेखी महिनाअखेरी द्यायची, अशी माझी पद्धत."

"पद्धत म्हणजे?"

मग बावीस वह्या टेबलावर ठेवल्या. प्रत्येक महिन्याच्या सगळ्या सह्या एका शाईत, एका दमात, शेवटच्या तारखेला. पेपरचं पानही ठेवलं. संस्थेच्या वकिलांनी ते उजेडात धरून बघितलं आणि विचारलं, "हे निळं काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याजवळ थांबलात. मला वाटलं काहीतरी बोलाल. माझ्या मनात तुमच्या तोंडी घालायची तीन-चार वाक्यं तयार होती, सगळी मला सोयीची. तुम्ही म्हणालात, "बाई, गाळ आणायला मीच सांगितलं होतं." आणि धायरीची बस आली तेव्हा गेलात. तुम्ही ते वाक्य दोन वर्षं रोज म्हणत असणार.

निकाल राखून ठेवला आहे. तुमचे वकील म्हणतात, बडतर्फी टिकणार नाही. परत आलात तर चौथी तुमचीच. निकिताला पुराबद्दल सांगा, ते पुस्तकात नाही. मला काल संध्याकाळी निलंबनाचं पत्र मिळालं. केयूर साहेबांनी ते त्याच दिवशी टाइप करून, सही करून, हातोहात पाठवलं. संस्थेत इतक्या तातडीने काम होतं हे मला सेवेच्या अखेरीस कळलं. पोलिसांकडूनही निरोप आला आहे, सोमवारी जबाबाला यायचं आहे. आज वर्ग रावसाहेब सांभाळत आहेत. त्यांनी मुलांना नकाशा उतरवायला दिला, असं ऐकलं. भोकासकट.

एक काम बाकी होतं, ते आज सकाळी केलं.

शाळेमागच्या बोळातून गेले. सुरय्याबाई मशीनवर होत्या, कुणाच्यातरी साडीला पिको करत. त्यांना कोर्टातलं सगळं आधीच कळलं होतं. त्या बोळात बातमी चालत येत नाही, उडत येते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी पेन्सिल काउंटरवर ठेवली.

"ही मिसबाची. त्या सकाळी मी घेतली होती. परत द्यायची राहिली."

त्यांनी मशीन थांबवलं. बघत राहिल्या.

"कशाला घेतली होती बाई?"

"पेपरातलं कोडं सोडवायला."

"सुटलं?"

"नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली, टोक अंगठ्यावर टेकवून बघितलं आणि खडू-बॉबिनच्या डब्यात उभी ठेवली. मग साडी पुढे सरकवली आणि मशीन सुरू केलं.

वैजयंती आगाशे